सोनबाची लाइन

सोनबा मुंबईहून कायमचा परत आला तेव्हा त्याच्या पत्र्याच्या पेटीत दोन धोतरं होती, एक पितळी तांब्या होता आणि तोंडात एक इंग्रजी शब्द होता. धोतरं पहिल्याच पावसाळ्यात विरली. तांब्या थोरल्या लेकाने पुन्हा मुंबईला नेला. शब्द मात्र सोनबाला पुरला, आणि पुरून वर वाडीलाही वाटून झाला.

शब्द होता लाइन. सोनबाच्या तोंडी लायन.

उभी जवानी त्याने रेल्वेच्या टोळीत काढली होती. रुळाखालची खडी ठोकायची, ढिले खिळे आवळायचे, गाडी आली की बाजूला होऊन घाम पुसायचा. तिथे रूळ म्हणजे लाइन, हे तर झालंच. पण रुळाकाठच्या ज्या खोल्यांत टोळी राहायची, तीही लाइन. पगाराच्या दिवशी एकामागे एक उभं राहायचं, ती लाइन. खांबांवरून तारा जायच्या, ती लाइन. मुकादम शिव्या घालून माणसं कामाला लावायचा, ते लाइनीवर आणणं. एवढ्याशा शब्दाला एवढी कामं, आणि पगार एकाचाही नाही.

उमरठच्या वर डोंगराच्या टेपावर सोनबाची वाडी. तिला सगळे वरची वाडी म्हणत. तिथे आल्यावर तो शब्द दावं तोडलेल्या खोंडासारखा मोकाट सुटला. लावणीला बायका वाकल्या की सोनबा बांधावरून ओरडायचा, "लायनीत लावा गो, लायनीत."

"भाताला काय गाडी पकडायची हाय?" विठाबाई सुईण चिखलातूनच विचारायची.

नाथूची शेरडं कुणाच्या वरीत शिरली, की "नाथू, तुझी शेरडं लायन सोडून चाललीत." सोयरीक पसंत नसली, की "पोरगा बरा हाय, पर त्यांची लायन येगळी." भाकरीला उशीर झाला, की बायकोला, "आवडे, चुलीची लायन बिघडली काय?" आणि कसलाही सल्ला विचारला, की आधी दोनदा खाकरायचं, उजव्या हातात न दिसणारं निशाण धरायचं, नि म्हणायचं, "थांब. लायन किलियर हाय का बघू दे."

पोरं त्याची नक्कल करायची. सगळ्यांत हुबेहूब करायची त्याची धाकटी लेक तुळसा. पाणवठ्यावर कळशी ठेवून ती खाकरायची, हात वर करायची, आणि 'ला' असा काही लांबवायची की पलीकडच्या धारेवरची गुरं मान वर करायची. एकदा सोनबा मागे येऊन उभा राहिला. बायका पांगल्या. तुळसाने मागे वळून बघितलं, आणि बापाच्या तोंडावर बापाचं वाक्य पुरं केलं. सोनबा मिशीत हसला. तिने नक्कल सोडली नाही, त्याने रागवायचं सोडलं.

हे सगळं हसण्यावारी गेलं. पण त्या शब्दाचा एक अर्थ सोनबाने मुंबईहून असा आणला होता, की त्याला हसणं जमलं नसतं. रेल्वेत प्रत्येक टोळीचा आपला तुकडा ठरलेला. आपल्या तुकड्यात खिळा ढिला राहिला तर आपली मान. दुसऱ्याच्या तुकड्यात हात घालायचा नाही. चांगल्या मनाने घातला तरी शिव्या. सोनबा सांगायचा, "आपली लायन आपण राखायची. दुसऱ्याची त्याने." पोरांना हे वाक्य तोंडपाठ होतं.

आता या डोंगरात आजारी माणूस खाली न्यायची एक रीत होती. घोंगडीची झोळी, मध्ये बांबूचा दांडा, पुढे दोघे, मागे दोघे. ही डोली. वरच्या वाडीने ती आपल्या शिवेपर्यंत न्यायची. त्याआधी कड्यावरून हाक घालायची, म्हणजे खालच्या मधल्या वाडीचे खांदेकरी शिवेवर येऊन उभे राहात. डोली जमिनीला टेकवायची नाही. एका खांद्यावरून दुसऱ्या खांद्यावर. मधल्यांनी उमरठच्या शिवेवर द्यायची, उमरठकरांनी पोलादपूरच्या सडकेला. सडकेला मोटार मिळायची, ती महाडच्या दवाखान्यात. शिवेवर खांदा बदलायचा तो जित्या माणसासाठी. मेलेल्याला मात्र आपलेच लोक आपल्याच खांद्यावर सगळीकडून नेतात. म्हणून जित्या माणसाची डोली त्याच खांद्यांवर शीव ओलांडत नसे. ओलांडली, तर बायका पदर तोंडाला लावत.

गेल्या श्रावणात मधल्या वाडीतून उलटी हाक आली. खालून वर. असं कधी झालं नव्हतं. मधल्या वाडीची तरणी माणसं मुंबईला, उरलेली लावणीसाठी लांबच्या खाचरांत. महिपत नावाचा तिथला मोठा शेतकरी कड्याखाली येऊन ओरडत होता.

"वरच्यांनो, दोन खांदे द्या हो."

वरच्या वाडीचा आवाज म्हणजे सोनबा. हाकेला हाक तोच द्यायचा. गुडघाभर चिखलात होता. त्याने तोंडाशी हात धरला, दोनदा खाकरला.

"आमची लायन वर हाय, महिपत. खालची तुमची."

पुन्हा हाक आली. वाऱ्याने निम्मी नेली. सोनबाने पुन्हा तेच सांगितलं, जरा हळू, आणि रोपांची मूठ उचलली. बांधावरच्या पोरांनी लगेच 'खालची तुमची' म्हणून त्याचा सूर ओढला, नि बायका हसल्या.

संध्याकाळी कळलं की महिपतच्या धाकट्या भावाला, मालोजीला, पान लागलं होतं, म्हणजे साप चावला होता. महिपतने आणि एका म्हाताऱ्याने दोघांतच डोली उचलली. उमरठच्या वरच्या ओढ्यापाशी मालोजी गेला.

त्या दिवसापासून मधली वाडी वरच्या हाकेला ओ देईना. म्हैस चुकली, हाक घाला, गप. बारशाचं बोलावणं, गप. सोनबा म्हणायचा, "मला काय ठावं साप व्हता?" हे तो बायकोला म्हणायचा, नाथूला म्हणायचा, कधी बैलालाही म्हणायचा. मधल्या वाडीत जाऊन मात्र म्हणाला नाही.

तुळसाला दासगावच्या बाजूला दिली होती. नवरा सयाजी मुंबईत गोदीवर. पहिलटकरीण म्हणून ती माहेरी आली, नि नाचणीची मळणी चालू असताना तिच्या पोटात दुखायला लागलं. एक अख्खी रात्र गेली. सकाळी विठाबाई बाहेर आली, पडवीत बसली, आणि आपले हात बघत राहिली.

"सोनबा, पोर आडवं हाय. माझ्या हातात व्हतं तेवढं झालं. महाडला न्या."

सोनबा कड्याच्या टोकाशी गेला. खाली मधल्या वाडीच्या कौलांतून धूर निघत होता. एक बाई अंगणात शेण टाकत होती. त्याने हाक घातली.

"मधल्यांनो, डोली हाय हो. तुळसाची डोली."

बाईने मान वर केली. मग खाली घातली नि शेण टाकत राहिली. एक कुत्रं तेवढं वर तोंड करून भुंकलं. सोनबाने पुन्हा हाक घातली. पुन्हा घातली. गळा फाटेस्तोवर घातली. शेवटी नाथूने त्याचं मनगट धरलं.

"तात्या, त्यांना ऐकायला येतंय."

"मग?"

"म्हूनच ओ देत नायत."

घोंगडी बांधली. सोनबा आणि शेजारचा येसाजी पुढे, नाथू आणि त्याचा भाऊ मागे. सोनबाचं वय खांदा द्यायचं नव्हतं, पण त्याला कुणी अडवलं नाही. आवडी आणि विठाबाई मागोमाग. वाट एकच, उभी उतरण. तुळसा आतून कण्हत होती. दगड लागला, दांडा हिसकला, की तिचा श्वास तुटलेला ऐकू यायचा. सोनबाने मनात हिशेब मांडला होता. हाक ऐकली आहे. आपण शिवेवर जाईस्तोवर महिपतचा राग उतरेल. माणूसच आहे. चार नाही तर दोन तरी खांदे उभे असतील.

शिवेच्या दगडापाशी कुणी नव्हतं.

ते उभे राहिले. टेकवायची तर नाही. येसाजीने दांडा दुसऱ्या खांद्यावर घेतला. सोनबाच्या खांद्यात दांडा रुतला होता.

आवडी पुढे आली. "या खांद्यावर पोर पलीकडं न्यायची नाय. सांगून ठेवते. माझी पोर जिती हाय."

"मग हितंच धरून उभं ऱ्हाऊ?" सोनबा म्हणाला.

"ते मला इचारताव? मी दिला व्हता का जबाब श्रावणात?"

आतून तुळसाचा आवाज आला. "आबा, थांबलाव का?"

सोनबा खाकरला. "कोन आलं नाय, बाय."

एक कळ आली, गेली. मग ती म्हणाली, "चला तुम्ही. मी बोलत जाते."

"काय?"

"मेलेलं बोलत नाय ना? मी मोठ्यानं बोलत जाते. मग कोन म्हनंल मढं चाललं?"

आवडीने तोंडात पदर धरला. सोनबाने येसाजीकडे बघितलं. येसाजीने मान हलवली, आणि डोली शीव ओलांडून पलीकडे गेली.

तुळसा बोलू लागली. आधी विठाबाई झाली. "दम धर गो, दम धर, तुझ्या आयेच्या टायमाला मी तीन चिलमी वढल्या, तवा तू आलीस." मागून येणाऱ्या विठाबाईने रडता रडता "चिलीम नाय गो, तपकीर" म्हणून दुरुस्ती केली. मग तुळसा नाथूची शेरडी झाली. मग दासगावची सासू झाली, जिला मिठाचं माप कधी पटत नाही. मध्येच कळ यायची, तेव्हा तो आवाज कुणाचाच नसायचा, आणि चौघांची पावलं आपोआप भराभर पडायची. कळ ओसरली की ती पुन्हा कुणीतरी व्हायची. सोनबा दांड्याखाली वाकून चालत होता. लेकीचं बोलणं थांबलं की त्याचं काळीज थांबायचं, आणि सुरू झालं की त्याला पुढचं पाऊल टाकता यायचं.

मधल्या वाडीची पहिली घरं आली. दारं उघडी होती. माणसं ओट्यांवर उभी होती, कुणी पुढे येत नव्हतं. एका म्हातारीने पदर तोंडाशी नेला. ते तुळसाला घोंगडीतून कसं दिसलं कोण जाणे. ती दोनदा खाकरली. घोंगडीतून एक हात वर आला, न दिसणारं निशाण धरलेला.

"हटा गो, ला—यन मोकळी करा. आडवी गाडी येतीय."

हुबेहूब सोनबा. एका ओट्यावरची पोरगी फिस्सकन हसली. तिच्या आईने तिला चापट मारली आणि स्वतःच हसली. म्हातारीचा पदर खाली आला. सोनबाच्या डोळ्यांतून पाणी गळत होतं, आणि दोन्ही हात दांड्याला असल्यामुळे त्याला पुसता येत नव्हतं.

तेवढ्यात कळ आली. मोठी. तुळसा स्वतःच्या आवाजात ओरडली.

वाटेच्या मधोमध बनुबाई येऊन उभी राहिली. महिपतची आणि मालोजीची आई. हात शेणाने भरलेले. सकाळी अंगणात तीच होती.

"तुळसा काय गो?"

"व्हय, आत्ये," घोंगडीतून आलं.

"कवापास्नं?"

"कालपास्नं."

बनुबाईने वळून आपल्या ओट्याकडे बघितलं. महिपत तिथे खांबाला टेकून उभा होता, आणखी दोघे-तिघे मागे.

"महिपत, खांदा दे."

"त्यांची लायन हाय," महिपत म्हणाला. "त्यांनी राखावी."

"मालूला खांदे नव्हते."

"म्हूनच म्हनतो."

"म्हूनच मी बी म्हनते. याला निदान ठावं नव्हतं साप हाय का काय हाय. तुला दिसतंय."

महिपत उभाच राहिला. मग ओट्यावरून उतरला. त्याने मागच्यांना मानेने खूण केली. चौघे आले. दांडा एका खांद्यावरून दुसऱ्या खांद्यावर गेला. सोनबाचा खांदा मोकळा झाला तशी त्याला घेरी आली, पण तो सावरला नि डोलीबरोबर चालायला लागला.

महिपतने मागे न बघता म्हटलं, "बायका येऊ देत. तुम्ही नाय. हितनं पुढं आमचं हाय."

सोनबा जागच्या जागी थांबला. येसाजी काही बोलायला गेला, तर सोनबानेच त्याला हाताने गप केलं. डोली वळणाआड गेली. तुळसाचा आवाज थोडा वेळ ऐकू येत होता. आता ती कुणाची नक्कल करत होती, ते कळत नव्हतं.

बनुबाईने त्याला ओट्यावर बस म्हटलं नाही, आणि त्यालाही बसवलं नसतं. तो उलटा चढून शिवेच्या दगडापाशी आला, नि बाकीच्यांना वर पाठवून तिथेच राहिला. दुपार झाली. कुणीतरी भाकरी आणून ठेवली, ती मुंग्यांनी नेली. उन्हं कलली तेव्हा खालून हाक आली. महिपतचाच आवाज, बसलेला, घोगरा.

"मोटारीत घातली. जिती हाय."

सोनबा उठून उभा राहिला. ओ द्यायला त्याने तोंडाशी हात नेला. सकाळी गळा फाटला होता. नुसता वारा निघाला. ती ओ महिपतला पोहोचली नाही.

मग दोन दिवस खालून काही नाही. वाडीत सगळे सोनबाशी हळू बोलत. पोरं नक्कल करत नव्हती, आणि त्याला ते नक्कल करण्याहून जास्त टोचत होतं. एखादं पोर खाकरलं तरी तो दचकून बघायचा. तिसऱ्या दिवशी तो उठला. डोलीचा दांडा ज्याच्या घरचा, त्याने तो जाऊन आणायचा असतो. शिवेपाशी तो जरा रेंगाळला. मग एकटाच खाली गेला.

महिपत अंगणात नाचणीचं काड रचत होता. दांडा भिंतीशी आडवा पडला होता, घोंगडी धुऊन वाळत टाकली होती. सोनबा कुंपणाशी उभा राहिला.

"दांडा न्यायला आलो."

"बसा," महिपत म्हणाला. हातातलं काड त्याने खाली ठेवलं नाही. "काल उमरठचा माणूस निरोप घेऊन आला. तुळसा बरी हाय. अंगात ताप हाय, पर डागदर म्हनतो निभावंल."

सोनबाने मान हलवली. तो बसला.

"पोर नाय वाचलं. मुलगा व्हता."

सोनबा जमिनीकडे बघत म्हणाला, "कालच कळलं व्हतं?"

"व्हय."

"हाक घातली नाय."

"कड्यावरनं वरडून सांगायची गोष्ट नव्हती."

महिपतने काडाची पेंढी रचली, वरून दाबली, दुसरी घेतली. बनुबाई पाण्याचा तांब्या ठेवून आत गेली.

"उमरठची मानसं शिवंवर उभी व्हती," महिपत म्हणाला. "मी दांडा त्यांना दिला नाय. पोलादपूरपातूर मीच नेली. ती बोलत व्हती ना. वाटलं, खांदा बदलताना गप झाली तर." त्याने पेंढीचा बंद आवळला. "मालू बी ओढ्यापातूर बोलत व्हता. म्हनत व्हता, दादा, जरा टेकव, तुझा खांदा मोडंल. मग गप झाला. मला वाटलं निजला."

"मला ठावं नव्हतं साप व्हता, महिपत."

"इचारलंत कुठं?"

श्रावणापासून तो जे वाक्य बैलाला सांगत होता, ते आज ठिकाणावर पोहोचलं होतं, आणि पोहोचून काही उपयोग झाला नव्हता. त्याने तांब्या उचलला, पाणी प्यायला, तांब्या उपडा घातला. मग उठून दांड्याला हात लावला.

"ऱ्हाऊ द्या तो," महिपत म्हणाला.

"का?"

"तुळसाला परत आनायची हाय का नाय? आठ-दहा रोजांत सोडतील. तिला चढवंल काय हा डोंगर?" त्याने शेवटची पेंढी रचली. "हितं असला म्हंजे बरा. आम्ही सडकंवरनं घेऊ. शिवंवर तुम्ही या."

सोनबा दांड्याशी वाकलेला होता, तसाच राहिला. मग म्हणाला, "शिवंवर नाय. मी सडकंला येतो. चौघं घेऊन येतो."

महिपतने त्याच्याकडे बघितलं. आडवा पडलेला दांडा त्याने उचलला, रात्रीचं दंव लागणार नाही असा ओट्यावर आत सरकवला, आणि हात झटकून म्हणाला, "पहाटं निघावं लागंल. उमरठच्या पुढं ऊन लय लागतं."